कोरडा माल

शकूवन्संनी वाळूजहून धाडलेला डबा
माझ्याआधी आबांनी उघडला.
कानाचं मशीन, शेंगदाण्याएवढं,
फोमच्या खळीत निजलेलं,
आणि त्याच्या उशाला एक पुडी.
हॉटेलात बिलाबरोबर बडीशेपेची येते ना,
हुबेहूब तशी.

मी भाकर उलटत होते.
वळून पाहिलं तर पुडीचं तोंड फाटलेलं,
आबांचं मिटलेलं,
आणि आतून कडकड, कडकड.

आबा सेलूच्या मोंढ्यात एकतीस वर्षं तोलारी होते,
हे आधी सांगायला हवं.
सोयाबीनचा दाणा दाढेखाली धरायचे,
फोडायचे, डोळे मिटून थांबायचे.
म्हणायचे, "चौदा."
अडत्याचं यंत्र मागाहून सांगायचं,
चौदा पूर्णांक दोन.
पुढं कान गेले, तरी दाढ ऐकत राहिली.
दाणा दिसला की तो तोंडात जाणार,
मग तो तुरीचा असो नाहीतर कशाचाही.

"थुंका! आबा, थुंका!"
ते माझ्याकडं बघून हसले.
मशीन अजून डब्यातच होतं.
ज्याला ऐकू जायला हवं होतं
तो सोडून अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

पुडीवर इंग्रजी होतं, चिनी होतं,
आणखी दोन लिप्या, कुठल्या ते देव जाणे.
एका माणसाच्या तोंडावर फुली होती.
मराठीत अक्षर नव्हतं.
आमच्याकडं कुणी खाणारच नाही असं वाटलं असेल त्यांना,
किंवा खाल्लं तरी चालेल असं.

कुणी म्हणालं, मीठपाणी पाजा, ओकू द्या.
कुणी म्हणालं, उंदराचं औषध असतंय ते.
इलाहीभाई काहीच म्हणाले नाहीत,
रिक्षा सुरू करून दारात उभे.
पुडीचं टरफल मी पदराच्या गाठीत बांधलं.
ती अक्कल कुठून आली, माहीत नाही.

दवाखान्यातली डॉक्टर माझ्या पुतणीच्या वयाची.
छातीवर नाव, नाझनीन.
टरफल तिनं ट्यूबखाली धरलं.
"मणी पांढरे होते? निळे तर नव्हते?"
साबुदाण्यासारखे, म्हटलं.
"ठसका लागला? श्वास अडकला?"
नाही.
"मग वाळूच समजा. विष नाही.
आली तशी जाईल.
घशात अडकली असती तर गोष्ट वेगळी.
निळे असते तर रात्रभर ठेवून घेतलं असतं.
काही डब्यांत चुन्याची पुडी येते, ती असती तर..."
ती थांबली.
"तंबाखूचा चुना जिभेला कसा चटका देतो?
तसा, पार खालपर्यंत."

सगळं ठीक आहे हे कळल्यावर
माझे पाय गळाले.

"पाणी पाजा. ते मणी ओल ओढून घेतात,
तोंड कोरडं पडेल."
आमचा नळ आठव्या दिवशी येतो.
कुणाच्या तोंडचं पाणी पितोय,
मण्यांना काय पत्ता.
आबांनी अख्खी बाटली संपवली, इलाहीभाईंची.

मग डॉक्टरनंच मशीन त्यांच्या कानात बसवलं.
आबा दचकले. पंख्याकडं पाहिलं.
स्ट्रेचरचं चाक किरकिरलं तिकडं पाहिलं.
"कोण नाक ओढायलंय?"
मी होते.

नंतर तिच्याकडं वळून, मोंढ्यातल्या आवाजात,
अख्खा वॉर्ड जागा होईल असं:
"मॅडम, माल लई कोरडा हाय.
दोन टक्के बी ओल नाही.
पर घेऊ नका. उगवायचा नाही."

घरी आल्यावर फोमखाली दुसरी पुडी सापडली.
फेकणार होते, पण मशीनला घाम लागू नये
म्हणून ती हवीच, डॉक्टर म्हणाली होती.
तेजूच्या स्केचपेननं तिच्यावर लिहिलं,
जाड, काळं: खाऊ नका.
आबांनी एकेका अक्षरावर बोट ठेवलं.
खा. ऊ. न. का.
स्वतःचाच आवाज कानात शिरला तसे मागं सरले.

"एवढं मोठ्यानं कामून लिव्हलंस?"